शेगडीतलं पीक

व्हर्ना ट्रेलोरच्या घरात चार शेगड्या होत्या, चारही भिंतीत बांधलेल्या आणि वर धुराडं असलेल्या. दिवाणखान्यातली हिरव्या चिनीमातीच्या फरश्यांची, दोन झोपायच्या खोल्यांमधल्या बिडाच्या, वेलबुट्टीच्या, आणि स्वयंपाकघरातली एवढी दांडगी की आत बाकडं टाकून माणूस निवांत बसावा. लग्न होऊन ती ट्रेनन्सला, ह्या घरी, आली तेव्हा वीस वर्षांची होती. पहिल्या सकाळी सासूनं चहाचा कप पुढे करायच्या आधी काळ्या पॉलिशची डबी आणि ब्रश हातात ठेवला. "आमच्याकडे सून शेगडीवरून कळते," म्हणाली. ती म्हातारी खाष्ट होती, खोटं कशाला बोला. पण तेव्हापासून अठ्ठावन्न वर्षं, दर शनिवारी, व्हर्नानं ते बीड घासलं. नखातला काळा रंग जायचा नाही म्हणून रविवारी चॅपलमध्ये ती उन्हाळ्यातसुद्धा हातमोजे घालून बसायची. आम्ही गावातल्या बायका त्यावरून हसायचो. आपले हात कुठे फार गोरे होते, पण हसायचो.

घर बांधलं होतं नवऱ्याच्या, क्लेमच्या पणजोबानं. तांब्याच्या खाणीत राबायला कॉर्नवॉलहून बोटीत बसून इकडे ॲडलेडच्या मुलखात आलेला माणूस तो. खाण कधीच बंद पडली, सभोवती सगळा गहू आणि बार्ली झाली, पण ते घर राहिलं. दगड आणि मातीच्या गाऱ्याच्या दोन-दोन फूट जाड भिंती, माती धरून ठेवायला तिच्यात गव्हाचा भुसा, वरून चुना. सिमेंटचा कण नाही. क्लेमला देवाइतकीच एका गोष्टीची खात्री होती, की मातीच्या भिंतीला सिमेंट लावू नये. आमच्याकडची जमीन खारी. भिंतीची तोंडं सिमेंटनं बंद केली की खालची खारट ओल आत कोंडते, वर चढते, आणि भिंतीचं आतून पीठ होतं. त्याच्या थोरल्या भावानं हे ऐकलं नाही. आठ वर्षांनी त्याची पश्चिमेची भिंत नाश्त्याच्या वेळी अंगणात जाऊन पडली. क्लेम हे सांगायचा तेव्हा भावाबद्दल वाईट वाटल्याचं सोंगही आणायचा नाही, कारण ते वाटतच नव्हतं.

तर असं घर, आणि त्यात उंदरांचं वर्ष आलं.

तीन वर्षं कोरडी गेली होती. चौथ्या वर्षी गहू असा आला की माणसं वेड्यासारखी हसत होती. हार्वेस्टर फिरले, मागे दाणे सांडत गेले, आणि कुणी ते मनावर घेतलं नाही. भरल्या घरी सांडलवंड कोण बघतो? फेब्रुवारीत उंदीर दिसायला लागले, मार्चमध्ये आम्ही ते मोजणं सोडलं. पाण्याच्या बादलीवर सळई, सळईवर रिकामी बाटली, बाटलीला शेंगदाण्याचं लोणी फासलेलं. उंदीर बाटलीवर चढला की ती फिरते आणि तो पाण्यात. सकाळी बादली काठोकाठ भरलेली असायची. मांजरं आधी खाऊन खाऊन फुगली, मग बघेनाशी झाली, मग नुसती कुंपणावर चढून बसली. बाजारात विष मिळेना. कपाटातल्या चादरी, मोटारीच्या वायरी, चॅपलच्या पेटीचा भाता, काही सोडलं नाही त्यांनी. आणि तो वास. तो आमच्या भाकरीत होता, केसात होता. डोंगर पोखरून उंदीर काढतात म्हणे. इथे उंदरांनीच सगळा मुलूख पोखरला होता.

व्हर्नाच्या घरात ते धुराड्यांतून आले. शंभराहून जास्त वर्षांची धुराडी ती, आतल्या गाऱ्याला भेगा, भेगांमागे भिंतीचं पोट. उंदरांना आयती चाळ बांधून मिळाली. तिच्या जमिनी खंडानं कसणारा डार्सी शिडी लावून वर चढला आणि चारही धुराड्यांच्या तोंडांवर जाळी ठोकून आला, पण आतलं गोकुळ आतच राहिलं.

एरवी व्हर्नानं हेही रेटून नेलं असतं. कोळ्याची पोर होती ती, बंदरावरची. वासाला आणि घाणीला डरणारी नव्हती. पण पुढच्या झोपायच्या खोलीत क्लेम होता.

क्लेम एक्याऐंशीचा. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांग झालं. उजवं अंग गेलं ते गेलंच. हाताला चटका बसला तरी कळायचं नाही. डोकंही धड राहिलं नव्हतं. कधी अगदी स्वच्छ बोलायचा, कधी मेलेल्या कुत्र्याला हाका मारायचा. व्हर्ना त्याला भरवायची, पुसायची, कूस बदलायची. तिचं वय अठ्ठ्याहत्तर, आणि डोळ्यांच्या मधोमध धुकं. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. गाडी चालवायचा परवाना केव्हाच काढून घेतलेला. अर्धांगानंतर इस्पितळातून आणलं त्या दिवशी क्लेम म्हणाला होता, "व्हर्ना, एक सांगतो. मला आता इथून हलवायचं नाही. काय व्हायचं ते ह्या खोलीत होऊ दे." ती म्हणाली, "नाही हलवणार." एवढंच. आमच्याकडे शपथा घेत नाहीत, पण बोललेलं मोडतही नाहीत.

मंगळवारी आणि शुक्रवारी सरकारी नर्स यायची, ट्रिश. इथलीच पोर. तिची आई व्हर्नाच्या हाताखाली चॅपलच्या रविवारच्या शाळेत शिकलेली, म्हणून ट्रिश तिला आंटी म्हणायची. मे महिन्यातल्या एका मंगळवारी तिनं क्लेमचा उजवा हात पुसायला उचलला आणि थांबली.

"व्हर्नाआंटी, हे काय?"

"काय गं?"

"बोटाचं टोक कुरतडलंय. दोन बोटांची."

व्हर्नानं तो हात डोळ्यांजवळ, मग डोळ्यांच्या कडेशी नेला. लाल दिसलं तिला. क्लेम छताकडे बघत होता. त्याला दुखलं नव्हतं, म्हणून त्यानं हाक मारली नव्हती.

ट्रिशनं जखम धुतली, पट्टी बांधली, आणि स्वयंपाकघरात येऊन बसली. चहाला हात लावला नाही. "मी हे लिहिलं ना, तर ते उद्याच त्यांना न्यायला येतील. वॉलरूच्या पलीकडे वृद्धाश्रमात खाट रिकामी आहे, मला माहीत आहे. तिथे सगळं पक्कं आहे, उंदीर शिरत नाही."

"नव्वद किलोमीटर आहे ते."

"आहे."

"मी तिथे कशी जाणार? उडत?"

"आंटी, माझ्यावर कशाला चिडताय? मी का सोडलेत उंदीर?" ट्रिश म्हणाली. मग आवाज खाली आणून, "मी आज लिहीत नाही. पण खोली बंद करा. एक भोक राहता कामा नये. पुढच्या वेळी असं दिसलं तर माझ्या हातात काही नाही."

व्हर्नानं त्या दिवसापासून कंबर कसली. खाट भिंतीपासून वीतभर सरकवली आणि चारही पाय पाणी भरलेल्या अंजिराच्या मुरांब्याच्या डब्यांत ठेवले. भिंतीच्या कडेची प्रत्येक फट बोटांनी चाचपून तारेची घासणी कोंबली. दाराखाली पत्रा ठोकला. डोळ्यांनी होत नव्हतं ते गुडघ्यांवर रांगून हातांनी केलं. राहिली ती शेगडी. तिच्या पाठीमागे गाऱ्यात एवढं भगदाड होतं की मूठ जावी, आणि आतून चोवीस तास खुडखुड चालू.

डार्सी बघायला आला. लाखमोलाचा माणूस, फक्त तोंडाचा सैल. "हे बीड काढून टाकतो, विटा लावतो, वर सिमेंट. अर्ध्या दिवसाचं काम आहे. सिमेंट खाणारा उंदीर अजून जन्माला यायचाय."

"सिमेंट नाही," खाटेवरून क्लेम म्हणाला.

"क्लेम, माझ्या राजा, तुझी बोटं खातायत ते."

"माझी बोटं आहेत. भिंत माझ्या पणज्याची आहे."

डार्सीनं व्हर्नाकडे बघून खांदे उडवले. संध्याकाळी ॲडलेडहून मुलीचा, लिनेटचा फोन. "आई, सिमेंट लाव आणि मोकळी हो. भिंत पडायला आठ वर्षं लागतात. तेव्हा कोण असणारे तिथे?" लिनेट वाईट नाही. ती फक्त खरं बोलते, आणि तेही लांबून. व्हर्नानं फोन ठेवला आणि म्हणाली, "हिला कुणी विचारलं होतं?"

सिमेंट लावलं असतं तर बरं झालं असतं, असं आता आम्ही सगळे म्हणतो. पण दोन वर्षांत क्लेमनं एकाच गोष्टीत आपलं म्हणणं मांडलं होतं, आणि ते त्याच्या घराबद्दल होतं. व्हर्नाला ते मोडवलं नाही. "मग दगड आणि गारा," ती म्हणाली. "तुझ्या बापाच्या पद्धतीनं. सांग, कसा करायचा."

आणि क्लेम जागा झाला. खरंच सांगते, त्या आठवड्यात त्या घरात जी गंमत होती ती कित्येक वर्षांत नव्हती. व्हर्नानं कपडे धुवायचा मोठा जस्ती टब दारात, त्याला दिसेल असा ठेवला. डार्सीनं लाल माती आणून ओतली, दगड आणून रचले. उशांना टेकून बसलेला क्लेम मुकादमी करायला लागला.

"पाणी कमी. कमी म्हटलं ना. आमटी करतेयस का?"

"तू गप रे. आमटी मला चांगली येते, तुला चिखल चांगला येतो."

"तुडव. टाचेनं तुडव. ही बंदरावरची माणसं, यांना माती म्हणजे काय ठाऊक. सगळं आयुष्य ओल्या फळीवर."

"ओल्या फळीवरच भाळला होतास तू," व्हर्ना झगा गुडघ्यापर्यंत खोचून टबात उभी होती. दाराची चौकट धरून ती तुडवत होती आणि धापा टाकत होती. क्लेम हसला. उजवा गाल हलला नाही, डावा हसला.

गाऱ्याला भुसा लागतो, नाहीतर वाळल्यावर तडकतो. ट्रेलोरांच्या घरी भुसा नेहमी स्वतःच्या खळ्यावरचा, वाऱ्यावर उफणलेला, नुसतं कोरडं तूस. आता कुठली खळी? डार्सीनं शेताच्या बांधावरून हार्वेस्टरमागचा भुसा दोन पोती भरून आणला. "ह्यात दाणा आहे हं, व्हर्ना," तो म्हणाला. "यंदा मशीनला पीक झेपलंच नाही. चाळून घे."

तिनं चाळला. पिठाच्या चाळणीनं एकदा, मग मोठ्या भोकांच्या चाळणीनं एकदा. पण चाळणीच्या मधोमध तिला धुकं दिसायचं, आणि गव्हाचा दाणा आणि काडीचा तुकडा एकाच रंगाचे. बोटांनी चाचपलं, पण अठ्ठावन्न वर्षं पॉलिशचा ब्रश धरलेली बोटं ती, टोकं निबर झालेली. मग तिनं जे आयुष्यभर केलं तेच केलं. धान्य पारखायचं ते क्लेमनं. सबंध मुलखात त्याचा हात नावाजलेला. मूठभर धान्य उजव्या मुठीत घ्यायचा, डोळे मिटायचा, बोटांनी फिरवायचा आणि सांगायचा, ओल किती, कचरा किती, दाणा किती. धान्य खरेदी करणारे व्यापारी यंत्र मागून लावायचे.

व्हर्नानं मूठभर भुसा नेला. खाट अशी लावलेली की क्लेमची उजवी बाजू खोलीकडे, नर्सला वळवायला सोपी पडावी म्हणून. तो समोरचा हात तिनं घेतला, पट्टी सोडून तळव्यावर भुसा ठेवला, बोटं तिनंच मिटली. क्लेमनं डोळे मिटले. चेहऱ्यावर तीच जुनी गंभीरता. तिला वाटलं, बाजाराच्या ओट्यावर उभा आहे हा.

"स्वच्छ आहे," क्लेम म्हणाला. "घाल."

तिनं दोन्ही पोती गाऱ्यात घातली. बापाच्या पद्धतीप्रमाणे तीन दिवस ओला ठेवला, रोज तुडवला. तिसऱ्या दिवशी गाऱ्याला गोडसर वास आला. तो तसाच येत असेल असं तिला वाटलं. कुणाला विचारणार, सासू तर गेली. मग डार्सीनं दगड लावले, तिनं दगडांत गारा भरला, आणि बाहेरून चांगली चार बोटं जाड लिंपली. बिडाची वेलबुट्टी तशीच ठेवली, तिच्या आत लाल मातीची गुळगुळीत भिंत. काम झाल्यावर तिनं पास्टी भाजली, कणकेच्या पारीत भरलेल्या मटणाची, बटाटा-सलगम घातलेली, क्लेमसाठी बारीक कुस्करून. तो म्हणाला, "मीठ कमी आहे." आणि सगळी खाल्ली.

खोली शांत झाली. आठवडाभर एक उंदीर नाही. बाकी घरात त्यांचा बाजार भरलेला, पण पुढची खोली कोरडी ठणठणीत. शुक्रवारी ट्रिश आली, बॅटरी घेऊन कोपरा न् कोपरा बघितला, क्लेमची बोटं बघितली. बरी होत होती. "आंटी, मानलं बाई तुम्हाला," ती म्हणाली. चहा प्याली, पास्टीचा उरलेला तुकडाही खाल्ला. जाताना म्हणाली, "अशीच राहिली खोली, तर मला काही लिहायची गरज नाही." ती गेल्यावर व्हर्ना दारामागे उभी राहून रडली थोडी. आनंदानंच.

रविवारी दुपारी ती क्लेमचे पाय चोळत होती. तो शेगडीकडे बघत होता.

"व्हर्ना, पेर वर आली."

"कुठली पेर?"

"ती काय. तिथे. चांगली दाट आली आहे."

बाहेर मे महिना होता, म्हणजे आमच्याकडे पेरणीचेच दिवस. डार्सीचा ट्रॅक्टर लांबवर गुरगुरत होता. व्हर्नानं खोलीभर नजर टाकली, तिला लाल मातीच्या कडा दिसल्या, मध्ये नेहमीचं धुकं. गेला बिचारा पुन्हा शेतात, ती मनात म्हणाली. मेलेल्या कुत्र्याला हाक मारतो तसंच. पण चांगल्या दिवशी पेर दिसतेय तर दिसू दे.

"हो रे, छान आली आहे," ती म्हणाली.

"हिरवी गार."

"हो, हो. हिरवी गार."

"फार दाट आहे पण," क्लेम म्हणाला. "उंदरांना सापडेल."

"नाही सापडणार. झोप आता."

सोमवारी तो तेच म्हणाला. दोनदा. दुसऱ्यांदा आवाज चढवून. तिनं दोन्ही वेळा "हो, हो" म्हटलं आणि चादर नीट केली. आजारी माणसाशी वाद घालू नये, असं ट्रिशनंच शिकवलं होतं.

मंगळवारी सकाळी ट्रिश आली. व्हर्ना स्वयंपाकघरात दलिया ढवळत होती. पुढच्या खोलीतून काही आवाज आला नाही, हेच तिला आधी खटकलं. मग ट्रिश म्हणाली, "आंटी, इकडे या. हळू या."

क्लेम जागा होता. उजव्या कानाची पाळी गेली होती. पट्टीतून बाहेर राहिलेलं अंगठ्याचं टोक गेलं होतं. उशीवर रक्त वाळलेलं. चादरीच्या टोकाचा जमिनीपर्यंत जिना झाला होता, डब्यांतलं पाणी कुणाला अडवणार होतं? आणि शेगडीच्या मातीत, खाली डावीकडे, तीन भोकं. भोकांबाहेर मातीचा भुगा, लेंड्या, आणि कुरतडलेली पांढरी मुळं.

"हे काय उगवलंय?" ट्रिश म्हणाली. "आंटी, हा गहू आहे. सगळ्या भिंतीवर गहू आहे."

व्हर्ना गुडघ्यांवर बसली आणि तिनं मातीवर हात फिरवला. बोटभर उंच, ओलं, मऊ. बिडाच्या वेलबुट्टीच्या आत वरपासून खालपर्यंत. आत भिजलेला फुगलेला दाणा, बाहेर कोंब. उंदरांना दहा घरं पलीकडून वास लागला असणार. तिनं स्वतःच्या पायांनी तीन दिवस तुडवून त्यांच्यासाठी जेवण रांधलं होतं, आणि नवऱ्याच्या उशाशी मांडलं होतं.

ट्रिश बाहेर पडवीत जाऊन फोन करत होती. तिचा आवाज कातर येत होता, पण ती करत होती. तिला तरी काय बोल लावणार?

व्हर्नानं ओंजळभर कोंब मुळांसकट उपटले. खाटेला वळसा घालून, भिंत आणि खाट यांच्या मधल्या वीतभर जागेत आडवी शिरून, ती क्लेमच्या डाव्या बाजूला गेली. का गेली ते तिला पुढेही सांगता आलं नाही. तिनं ते त्याच्या डाव्या हातात दिले.

क्लेमनं डोळे मिटले. बोटं हलली. खरंच हलली, एकेक काडी चाचपत.

"गहू," तो म्हणाला. "आठ दिवसांचा. मी सांगत होतो तुला."

"सांगत होतास."

"एवढा दाणा कसा राहिला भुशात? चाळला नाहीस?"

"चाळला. तुला दाखवला. तू स्वच्छ म्हणालास."

त्यानं डोळे उघडले. त्या क्षणी तो अगदी ठिकाणावर होता. इतका की तिला वाटलं, नसता तर बरं.

"कुठल्या हातात दिला होतास?"

खाटेच्या पलीकडे तो पट्टीतला हात पडला होता, दोघांनाही दिसत होता.

"तो हात मेलाय, व्हर्ना," क्लेम सावकाश म्हणाला. जणू तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

"मला सवय," ती म्हणाली. "अठ्ठावन्न वर्षं त्याच हातात देत आले."

"मलाही सवय," तो म्हणाला.

दहाच्या सुमाराला गाडी आली. दोन चांगली माणसं होती, हळुवार बोलणारी. क्लेमला खुर्चीसारख्या पट्ट्यात बसवून बाहेर काढताना त्याचा खांदा दाराच्या चौकटीला लागला. "ह्या दारातून नेता मला?" त्यानं विचारलं. त्यांना वाटलं, म्हातारा बरळतोय. एक जण म्हणाला, "हो आजोबा, हो." व्हर्ना त्याला म्हणाली, "तो विचारतोय ते नीट उत्तर द्या." मग तिलाच कळेना, नीट उत्तर काय असणार. तिनं क्लेमच्या गळ्याशी गळपट्टा बांधला. नाही हलवणार म्हणालेली बाई, दोन्ही हातांनी गाठ मारून देत होती.

पुढचं थोडकंच आहे. वृद्धाश्रमात क्लेम अकरा आठवडे होता. डार्सीला तिकडे काम निघेल तेव्हा व्हर्ना त्याच्या गाडीतून जायची. तसं सात वेळा झालं. खोली चकचकीत, खिडकी न उघडणारी, उंदराचं नाव नाही. पहिल्या खेपेला तो बोलला. नंतर तो शेतातच असायचा, आणि तिथे ती नव्हती. एकदा तिनं कोंब वाळवून रुमालात नेले होते. त्याच्या डाव्या हातात दिले. हात मिटला नाही.

आणि उंदीर गेले. जूनअखेर तीन दिवस गार पाऊस लागला आणि ते आपसूक मेले, नेहमी मरतात तसे. कुणाच्या बादलीनं नाही, विषानं नाही, सिमेंटनंही नाही. एका आठवड्यात सगळा मुलूख मोकळा. आमच्याकडच्या जुन्या माणसांना हे ठाऊक असतं की त्यांचा काळ भरला की ते एका आठवड्यात संपतात, फक्त कुठल्या ते ठाऊक नसतं. व्हर्नानं क्लेमला परत आणायचं विचारलं. तोवर त्यानं खाणं सोडलं होतं. आता हलवणं बरं नाही, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं. ऑगस्टमध्ये त्या चकचकीत खोलीतच तो वारला.

ट्रिश सप्टेंबरात एकदा सहज म्हणून आली. तिला यायची गरज नव्हती, मंगळवार-शुक्रवार कधीच संपले होते. व्हर्ना पुढच्या खोलीत शेगडीचं बीड पॉलिश करत होती. शनिवार होता. आतली माती तशीच होती, गहू वाळून पिवळा पडला होता, ओंबी धरण्याआधीच. खाटेचे पाय अजून डब्यांत होते. डब्यांत पाणी ताजं होतं.

ट्रिशनं इकडेतिकडे बघितलं.

"आता एकही उंदीर दिसत नाही हं, आंटी," ती म्हणाली.

"नाही," व्हर्ना म्हणाली. "एकही नाही." आणि ब्रश पुन्हा डबीत बुडवला.